दुसऱ्या क्वाड्रंटमधला पक्ष

एक ग्राफ काढा. (घाबरू नका, एम-थ्रीचा नाही!) एक्स-अ‍ॅक्सिसवर अर्थकारण घ्या. डावीकडे 'खाणी, तेल, वीज सगळं सरकारचं', उजवीकडे 'सरकारने बाजूला व्हावं, बाजार बघून घेईल'. वाय-अ‍ॅक्सिसवर समाज घ्या. वरच्या बाजूला परंपरा, कुटुंब, धर्म. खालच्या बाजूला व्यक्तिस्वातंत्र्य, स्त्रियांचे हक्क, समलिंगींचे हक्क वगैरे. आता जगातले पक्ष या ग्राफवर टिंबं म्हणून टाकत चला. बरीचशी टिंबं एका तिरक्या रेषेच्या आसपास पडतील. जे डावे ते खाली, जे उजवे ते वर. झालं, आपण बेस्ट फिट लाइन ओढतो आणि मोकळे होतो. एखादा माणूस खाणींच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल बोलला, की तो गर्भपाताबद्दल काय बोलणार हे आपण मनातल्या मनात आधीच लिहून टाकतो.

पण दुसरा क्वाड्रंट (मराठी मिडीयमवाल्यांसाठी : दुसरा चरण) रिकामा नसतो. एक्स निगेटिव्ह, वाय पॉझिटिव्ह. अर्थकारणात कम्युनिस्ट, घरात कर्मठ. असे मतदार भरपूर आहेत, पक्ष मात्र थोडे. आणि जे आहेत ते बहुतेक कडेकडेने जगणारे. रशियात झ्युगानोव्ह यांचा कम्युनिस्ट पक्ष १९९३ पासून लेनिन आणि ऑर्थोडॉक्स चर्च या दोघांनाही एकाच हाताने नमस्कार करत आलाय. तो त्यातल्या त्यात मोठा. ब्रिटनमध्ये जॉर्ज गॅलोवे यांनी २०१९ साली वर्कर्स पार्टी काढली. जर्मनीत साहरा वागेनक्नेख्त यांनी जानेवारी २०२४ मध्ये चक्क स्वतःच्या नावाचा पक्ष काढला, आणि २०२५ च्या निवडणुकीत तो ४.९८ टक्क्यांवर अडकला. संसदेत शिरायला ५ टक्के लागतात. ३९ मार्कांवर नापास होणाऱ्याचं दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको.

या सगळ्यांत एक पक्ष असा निघाला की जो अठरा महिन्यांत शून्यावरून थेट राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर जाऊन बसला. देश पेरू. पक्षाचं नाव 'पेरू लिब्रे', म्हणजे मुक्त पेरू. निवडणूक चिन्ह : पेन्सिल.

जानेवारी २०२० मध्ये पेरूच्या काँग्रेसची निवडणूक झाली. (तिथल्या संसदेचं नावच काँग्रेस आहे, आपल्या काँग्रेसशी काही संबंध नाही.) त्यात पेरू लिब्रेला ३.४ टक्के मतं पडली आणि १३० पैकी एकही जागा मिळाली नाही. ११ एप्रिल २०२१ ला राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी झाली. १८ उमेदवार रिंगणात. पेरू लिब्रेचा उमेदवार होता पेद्रो कास्तियो, एका खेड्यातला प्राथमिक शिक्षक. निकालाच्या रात्री एका मोठ्या आंतरराष्ट्रीय न्यूज चॅनेलकडे त्याचा फोटोसुद्धा नव्हता. बाकीच्यांचे हसरे चेहरे आणि याच्या जागी नुसती काळी आकृती! आणि ती आकृती १८.९ टक्के मतं घेऊन पहिल्या नंबरवर. दुसऱ्या केइको फुजिमोरी, माजी राष्ट्राध्यक्षांची मुलगी, १३.४ टक्के. ६ जूनला दोघांची फायनल झाली. कास्तियो ५०.१३, केइको ४९.८७. फरक ४४,२६३ मतांचा. पावणेदोन कोटी मतांमध्ये!

आता या पक्षाच्या डाव्या अक्षाकडे बघू, कारण तो कागदावर अगदी स्वच्छ आहे. पक्षाचे संस्थापक व्लादिमिर सेरोन हे न्यूरोसर्जन. शिक्षण क्यूबात. (व्लादिमिर हे नाव कोणावरून ठेवलं असेल हे ओळखायला बक्षीस नाही.) ते हुनीन प्रांताचे गव्हर्नर होते. २०१९ साली एका सांडपाणी प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांना शिक्षा झाली आणि स्वतः उभं राहायची वाट बंद झाली. पण पक्षाचं निवडणूक आयोगाकडचं रजिस्ट्रेशन त्यांच्याकडे होतं. कास्तियोकडे लोक होते, रजिस्ट्रेशन नव्हतं. असं ते लग्न जमलं.

पक्षाचा जाहीरनामा ७७ पानांचा. त्यात सरळ लिहिलंय की डावं म्हणवून घ्यायचं तर मार्क्सवाद मान्य करावाच लागेल, आणि त्याला लेनिन आणि मारियातेगी यांची जोड. खाणी, गॅस, तेल, जलविद्युत, दूरसंचार यांचं राष्ट्रीयीकरण करायचं. परदेशी कंपन्या राहिल्याच तर नफ्यातला ८० टक्के वाटा देशाला, २० त्यांना. शिक्षणावर जीडीपीच्या १० टक्के खर्च. आणि १९९३ ची फुजिमोरी काळातली राज्यघटना रद्द करून नवी घटना समिती. प्रचारातली घोषणा मात्र कोणालाही कळेल अशी होती : श्रीमंत देशात आता गरीब नकोत. पेरू तेव्हा जगात तांब्याच्या उत्पादनात चिलीखालोखाल दुसरा. दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सोन्याच्या खाणींपैकी एक, यानाकोचा, काहामार्का प्रांतात आहे, आणि काहामार्का हा देशातल्या सर्वांत गरीब प्रांतांपैकी एक. कास्तियो तिथलाच. कोविडमध्ये लोक ऑक्सिजन सिलिंडरसाठी रांगेत उभे राहिले होते आणि फायनलच्या आठवडाभर आधी सरकारने कोविडमृत्यूंचा आकडा सुमारे ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेला. अशा वेळी ती घोषणा लागू पडली नसती तरच नवल.

मग वरचा अक्ष कुठून आला? प्रचारात कास्तियोने स्वच्छ सांगितलं की गर्भपाताला विरोध, समलिंगी विवाहाला विरोध, शाळेच्या अभ्यासक्रमातल्या लिंगसमानतेच्या दृष्टिकोनालाही विरोध. बायको इव्हँजेलिकल पंथाची, तो स्वतः कॅथलिक. लिमाच्या विद्यापीठांत बसलेल्या डाव्यांना घाम फुटला. हे मार्क्सवादात कुठे बसतं?

इथे मारियातेगींना दोष देऊन भागत नाही. होसे कार्लोस मारियातेगी (१८९४-१९३०) हा पेरूचा सर्वांत मोठा मार्क्सवादी लेखक. १९२८ मध्ये त्याने पेरूच्या वास्तवावरचे सात निबंध छापले. त्याचं म्हणणं असं, की इंडियन लोकांचा प्रश्न हा दयेचा किंवा शिक्षणाचा नसून जमिनीचा आहे, आणि अँडीजमधल्या खेड्यांची जी जुनी सामूहिक रचना आहे, 'आय्यु', तिच्यात समाजवादाचं बी आहे. पण हाच माणूस १९२४ मध्ये स्त्रीवादाच्या बाजूने लिहीत होता. म्हणजे पुस्तकातून हा कर्मठपणा आलेला नाही.

खरं सांगायचं तर कम्युनिस्ट राजवटींनाही तो नवा नव्हता. सोव्हिएत रशियाने १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर केला आणि १९३६ मध्ये स्टालिनने त्यावर बंदी आणली, ती १९५५ पर्यंत टिकली. १९३४ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा ठरले. क्यूबाने १९६५ ते ६८ या काळात समलिंगी पुरुषांना सक्तीच्या श्रमछावण्यांत पाठवलं. २०१० मध्ये कॅस्ट्रोने त्याची जबाबदारी घेतली, पण पंचेचाळीस वर्षांनी! तेव्हा 'डावा म्हणजे उदारमतवादी' हे समीकरण आपण नंतर शिकलोय, मुळात ते तसं नव्हतं.

पण कास्तियोचं उत्तर मॉस्कोतही नाही आणि हवानातही नाही. ते चोता जिल्ह्यात आहे. इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

कास्तियोचा जन्म ऑक्टोबर १९६९ चा, गाव पुन्या. आईबाप निरक्षर शेतकरी, नऊ मुलं, हा तिसरा. त्याच वर्षी २४ जूनला जनरल वेलास्को यांच्या लष्करी सरकारने जमीन सुधारणा कायदा आणला होता आणि जमीनदारांच्या जमिनी कुळांना मिळायला लागल्या. कास्तियोच्या घरच्यांनाही त्यातून जमीन मिळाली. म्हणजे 'सरकारने श्रीमंताकडून काढून गरिबाला द्यावं' ही या घरासाठी थिअरी नव्हती. सातबारा होता.

आता दुसरी बाजू. डोंगरात जनावरं चोरीला जायची. पोलीस चौकी दूर, आणि पोलीस आलेच तर चोराकडून पैसे खाऊन परत जायचे. शेवटी २९ डिसेंबर १९७६ ला चोता जिल्ह्यातल्या कुयुमाल्का गावाने सभा घेऊन ठरवलं की रात्री गस्त आपणच घालायची, घरटी एक माणूस, पाळीपाळीने. याला म्हणतात 'रोन्दा'. हे लोण बघता बघता सगळ्या उत्तर पेरूत पसरलं. चोर पकडला की सभेपुढे उभा करायचा. तुरुंग नाही. त्याला एका गावातून दुसऱ्या गावात पाठवायचं. दिवसा गावाचं काम करायचं, रात्री गस्त घालायची, मग पुढचं गाव. जोडीला उठाबशा आणि चाबूकही. पुढे १९८० च्या दशकात 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेने अर्धा देश पेटवला (सत्यशोधन आयोगाच्या अंदाजाने १९८० ते २००० मध्ये ६९,२८० बळी), तेव्हा काहामार्कात त्यांना पाय रोवता आले नाहीत याचं श्रेय या रोन्दांना दिलं जातं. कास्तियो तरुणपणी रोन्दात गस्त घालत होता. तरीसुद्धा प्रचारात त्याला दहशतवादी ठरवणारे आणि लिमाच्या चौकाचौकात कम्युनिझमविरोधी होर्डिंग लावणारे होतेच, पण ते जाऊ दे.

मुद्दा असा, की जी सभा जनावरांच्या चोराचा निकाल लावते तीच सभा पुढे बाकीचे निकालही लावायला लागते. कर्ज बुडवणारा. दारू पिऊन बायकोला मारणारा. (हो, त्यालाही चाबूक बसायचा, आणि अनेक गावांत बायकांच्या स्वतंत्र रोन्दा उभ्या राहिल्या.) मग नवऱ्याला सोडून गेलेली बाई. मग वेगळं वागणारं कोणीही. २०२२ मध्ये पाताझ भागातल्या चिल्या इथे रोन्दाने काही बायकांना चेटकिणी ठरवून डांबून ठेवलं आणि त्यांचा छळ केला. पाणी सगळ्यांचं, गस्त सगळ्यांची, आणि म्हणूनच तुझं घरातलं वागणंही सगळ्यांचं. आपण एक्स आणि वाय असे दोन इंडिपेंडंट व्हेरिएबल काढले होते. इथे दोन्ही एकाच फंक्शनमधून बाहेर पडतात. गाव तुला जमीन देतं, संरक्षण देतं, आणि त्या बदल्यात तुझ्यावर नजर ठेवतं. हे ज्याला विसंगती वाटतं तो बहुधा शहरात वाढलेला असतो.

आणि मतदानाचे आकडेही हेच बोलतात. त्याच पहिल्या फेरीत वेरोनिका मेन्दोसा उभ्या होत्या. अर्थकारणात डाव्या, सामाजिक बाबतीत पुरोगामी, मूळच्या कुस्कोच्या. म्हणजे आपल्या बेस्ट फिट लाइनवर अचूक बसणारं टिंब. २०१६ मध्ये त्यांना जवळजवळ १९ टक्के मतं होती. २०२१ मध्ये ७.९ टक्के. तो मतदार कुठे गेला हे बघायला डिटेक्टिव्ह नको.

बरं, सत्ता आली. पुढे काय? २९ जुलै २०२१ ला पंतप्रधान म्हणून गिदो बेयिदो यांची नेमणूक झाली. कुस्कोचे, शिक्षणाने इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर! (आपल्या ईएनटीसीवाल्यांनी कॉलर ताठ करायच्या आधी थांबावं.) त्यांच्या जुन्या फेसबुक पोस्टमधली समलिंगींबद्दलची आणि बायकांबद्दलची भाषा लगेच वर आली. १९ जणांच्या मंत्रिमंडळात बायका दोन. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री म्हणून पेद्रो फ्रान्के यांनी शपथ घेतली, जागतिक बँकेत काम केलेले अर्थतज्ज्ञ, आणि शपथेतच त्यांनी लिंग, वंश किंवा लैंगिक कल यावरून भेदभाव नको असं घातलं. एकाच टेबलाभोवती ही दोन टोकं! तरी बेयिदोंची एक गोष्ट द्यावीच लागेल. ऑगस्टमध्ये विश्वासदर्शक ठरावाचं भाषण त्यांनी केचुआ भाषेत सुरू केलं आणि सभागृहात विरोधकांनी गलका केला. लाखो लोकांची मातृभाषा आणि संसदेत ती ऐकवेना.

अर्थकारणाचं काय झालं ते चटकन सांगतो, कारण फार काही झालंच नाही. बेयिदोंनी सप्टेंबरमध्ये कामिसेआच्या गॅसच्या राष्ट्रीयीकरणाची धमकी ट्विटरवर दिली आणि ६ ऑक्टोबरला त्यांचीच खुर्ची गेली. मध्यवर्ती बँकेवर २००६ पासून असलेले हुलिओ वेलार्दे तिथेच ठेवले गेले. 'दुसरी जमीन सुधारणा' जाहीर झाली, पण तिच्यात कोणाची जमीन काढून घेणं नव्हतं. खाणींवरचा कर वाढवायचा अधिकार काँग्रेसने दिला नाही. घटना समितीसाठी सार्वमत घेण्याचं विधेयक मे २०२२ मध्ये कमिटीतच गारद झालं. किमान वेतन ९३० सोलवरून १,०२५ झालं, एवढं हाताला लागलं. पेरू लिब्रेकडे १३० पैकी ३७ जागा. उरलेल्यांना राष्ट्रीयीकरण नको होतं. ८०-२० चं गणित कागदावरच राहिलं.

पण वरच्या अक्षाला अशी अडचण नव्हती! तिथे काँग्रेसमधल्या उजव्यांना हवं होतं तेच यांनाही हवं होतं. मे २०२२ मध्येच काँग्रेसने कायदा केला की शाळेच्या पुस्तकांत काय असावं यात पालक संघटनांना अधिकार राहील. २०१६ पासून 'माझ्या मुलांच्या वाट्याला जाऊ नका' म्हणत लिंगसमानतेच्या धड्यांविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांची ही जुनी मागणी. विधेयक उजव्यांचं, पण त्याला पेरू लिब्रेच्या लोकांचीही मतं पडली. बालविवाहावर पूर्ण बंदीची चर्चा चालू होती तेव्हा, जून २०२३ मध्ये, पेरू लिब्रेच्या तिकिटावर निवडून आलेले होसे मारिया बाल्काझार यांनी कमिटीत विधान केलं की लवकर आलेले लैंगिक संबंध बाईच्या मानसिक भवितव्याला उपकारकच असतात, अशा अर्थाचं. (बंदीचा कायदा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाला, सुदैवाने.) शत्रूसुद्धा दोघांचा एकच निघाला. पेरूत लिमाच्या उच्चभ्रू पुरोगाम्यांना 'कॅव्हियार' म्हणतात, तो महागडा माशाच्या अंड्यांचा पदार्थ खाणारे म्हणून. ही शिवी उजवे देतात, आणि सेरोनही देतात.

थोडक्यात काय, कॉम्बो पॅक विकला गेला आणि घरी आल्यावर उघडला तर त्यातली एकच वस्तू निघाली. ज्या अर्ध्यासाठी मोठ्या खाणमालकांशी भांडावं लागलं असतं तो अर्धा गळाला. ज्यासाठी फक्त शाळकरी मुली आणि समलिंगी मुलं यांच्याशी भांडावं लागतं तो राहिला. असा कोणताही पक्ष कुठेही बघितला की मी आता हेच बघतो : यातला कोणता भाग पास करायला विरोधी बाकांवरची मतं आयती तयार आहेत?

पुढचं तुम्ही कदाचित बातम्यांत वाचलं असेल. जून २०२२ मध्ये कास्तियोने पक्ष सोडला. पक्षाच्या ३७ जणांचे तुकडे होऊन निम्म्याहून कमी उरले. ७ डिसेंबर २०२२ ला महाभियोगाच्या मतदानाच्या तोंडावर कास्तियोने टीव्हीवरून काँग्रेस बरखास्तीची घोषणा केली. काही तासांत काँग्रेसने १०१ मतांनी त्यालाच बरखास्त केलं आणि पोलिसांनी पकडलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने त्याला साडेअकरा वर्षांच्या आसपास शिक्षा सुनावली. त्याच्या जागी उपाध्यक्ष दिना बोलुआर्ते आल्या. त्यांना पेरू लिब्रेने जानेवारी २०२२ मध्येच काढून टाकलं होतं, कारण पक्षाची विचारधारा आपण कधी स्वीकारलीच नाही असं त्या बोलून बसल्या होत्या. सेरोन ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणातली शिक्षा कायम झाल्यावर भूमिगत झाले.

कास्तियो गेल्यावर दक्षिण पेरू रस्त्यावर आला. पुनो प्रांतात त्याला फायनलमध्ये जवळजवळ ८९ टक्के मतं पडली होती. त्याच पुनोतल्या हुलियाका शहरात ९ जानेवारी २०२३ या एका दिवशी गोळीबारात किमान १७ नागरिक मेले. मोर्चातल्या मागण्यांत नवी राज्यघटना होती, निवडणुका होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसचं नवं अध्यक्षमंडळ निवडलं गेलं. विजयी पॅनेलवर पहिले उपाध्यक्ष केइको फुजिमोरींच्या पक्षाचे. दुसरे उपाध्यक्ष पेरू लिब्रेचे वाल्देमार सेरोन, व्लादिमिर यांचे सख्खे भाऊ. २०२४ च्या जुलैमध्येही पहिली खुर्ची फुजिमोरींच्या पक्षाला आणि दुसरी वाल्देमार यांनाच.